ब्राउझर नसलेल्या यंत्रातून ईमेल लिहिताना

माझी भाची तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका शीतगृहात इंटर्नशिप करते. सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी धरायची, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे मागे टाकत तुर्भ्याला उतरायचं आणि दिवसभर आंबा, सफरचंद, बटाटा ठेवलेल्या खोल्यांच्या तापमानाची नोंद बघायची, असं तिचं काम. एका रविवारी ती नौपाड्याला आमच्या घरी आली ती लॅपटॉप घेऊनच.

"मामा, तिथल्या मशीनला स्क्रीनच नाहीये. ब्राउझर नाही, जीमेल नाही. लॅपटॉपवरून आत शिरलं की नुसती काळी खिडकी दिसते. आणि साहेब म्हणतात, पहाटेचं तापमान रोज मेलवर यायला हवं. मेल लिहू कुठे?"

ते मशीन म्हणजे पॅनेलरूमच्या कोपऱ्यात ठेवलेला तळहाताएवढा लिनक्सचा संगणक. प्रत्येक खोलीतला सेन्सर दर पाच मिनिटांनी एका साध्या फाइलीत आकडा लिहितो. आकडे रोज साठतात, पण माणूस तिथे जाऊन बघेल तेव्हाच कळतात. पहाटे तीनला कॉम्प्रेसर बंद पडला तर आठ वाजता कळून उपयोग नाही.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर तिला जे सांगितलं, ते इथे जरा नीट लावून लिहितोय. कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. यंत्रात अर्थातच त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

तिला आधी एकच गोष्ट पटवून द्यायची होती: पत्र लिहिणं आणि पत्र पोचवणं ही दोन वेगळ्या माणसांची वेगळी कामं आहेत. जीमेलच्या पानावर ती एकाच निळ्या बटणात गुंडाळलेली असतात, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात. काळ्या खिडकीत ती सुटी होतात. तिथली निम्मी गोंधळाची कारणं हे न कळण्यात असतात.

आधी पत्राकडे बघू. ज्यांनी शाळेत पत्रलेखन केलं आहे त्यांना हे लगेच उमगेल. वर गाव आणि तारीख, मग 'ती. बाबांस शि. सा. न.' असा मायना, मग जागा सोडून मजकूर. ईमेलचीही रचना अगदी अशीच आहे. वरच्या ओळींत कोणाकडून, कोणाला, विषय, तारीख. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग विसर्गासारखं चिन्ह, मग माहिती. त्यानंतर एक पूर्ण कोरी ओळ. त्या कोऱ्या ओळीच्या खाली येईल तो सगळा मजकूर. ही कोरी ओळ शोभेची नाही, नियमच तसा आहे. डेव्हिड क्रॉकर यांनी १९८२ साली आरएफसी ८२२ या, इंटरनेटचे नियम लिहून ठेवणाऱ्या मालिकेतल्या, दस्तऐवजात तो नेमका लिहून ठेवला. पुढे त्या दस्तऐवजाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, पण कोरी ओळ तिथेच आहे. कोरी ओळ विसरलात तर मजकुराचं पहिलं वाक्य मायन्यात घुसतं आणि पुढचं सगळं बिघडतं.

म्हणजे ईमेल ही शेवटी एक साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडात लिहिता येईल इतकी साधी. भाचीला हे ऐकून खरंच आश्चर्य वाटलं. जीमेलमध्ये कुठलाही मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत 'मूळ संदेश दाखवा' असा पर्याय आहे, तो तिला दाखवला. वरची लांबलचक नावांची रांग, मग कोरी ओळ, मग मजकूर. तिने बोट ठेवून ती कोरी ओळ शोधली.

आता पाकीट. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, आतला मायना नाही. ईमेललाही असं अदृश्य पाकीट असतं आणि त्यावरचा पत्ता मायन्यातल्या पत्त्यापेक्षा वेगळा असू शकतो. 'बीसीसी'चं कोडं इथे सुटतं: त्या माणसाचं नाव पाकिटावर असतं, मायन्यात नसतं. म्हणून त्याला पत्र मिळतं, पण बाकीच्यांना त्याचं नाव दिसत नाही. आणि फसवणुकीच्या मेलचंही मूळ इथेच आहे. मायन्यात 'आपल्या बँकेकडून' असं कोणीही लिहू शकतं.

आता प्रत्यक्ष लिहायला बसू. युनिक्सच्या जगात (लिनक्स त्याच घराण्यातला) 'मेल' नावाची कमांड १९७१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात संदेश धाडला आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव यांच्यामध्ये ॲटचं चिन्ह ठेवलं. आज आपण वापरतो ती 'मेल' मात्र कर्ट शोन्स यांनी १९७८ च्या सुमारास बर्कलीत लिहिलेल्या कार्यक्रमाच्या वंशातली आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ती मुळात नसेल तर 'मेलयुटिल्स' किंवा 'बीएसडी-मेलएक्स' हे पॅकेज बसवावं लागतं. मॅकमध्ये ती आधीपासून असते.

कमांड अशी:

मेल -एस "पहाटेचं तापमान" पत्ता

'-एस' म्हणजे विषय. विषयाभोवतीची अवतरणं सोडू नका. ती नसली तर शेल, म्हणजे काळ्या खिडकीत आपली कमांड वाचणारा कार्यक्रम, दोन्ही शब्द सुटे करेल, मग 'मेल' ही कमांड 'पहाटेचं' एवढाच विषय धरेल आणि 'तापमान' हा पत्र घेणारा माणूस समजेल. आणि विषयात डॉलरचं चिन्ह येणार असेल तर दुहेरीऐवजी एकेरी अवतरणं घ्या. दुहेरी अवतरणांत "थकबाकी $५००" असं इंग्रजी आकड्यांनी लिहिलंत तर शेल डॉलर आणि पाच मिळून एक नाव समजतो, ते रिकामं असतं म्हणून पुसून टाकतो आणि समोरच्याला 'थकबाकी ००' पोचतं. पैशांच्या मेलमध्ये ही चूक भारी पडते.

एंटर दाबल्यावर काय होतं? काहीच नाही, आणि नवा माणूस घाबरतो तो इथेच. कधी 'सीसी' विचारतं, कधी तेही नाही. नुसता कर्सर लुकलुकत राहतो. भाचीला वाटलं मशीन अडकलं. अडकलेलं नसतं, ते तुमच्या मजकुराची वाट बघत असतं. लिहायला लागा. संपलं की नव्या ओळीवर जाऊन कंट्रोल आणि डी एकदम दाबा. बऱ्याच यंत्रांवर ओळीवर फक्त एक टिंब देऊन एंटर दाबलं तरी पत्र पूर्ण झालं असं समजलं जातं.

मधेच वरच्या ओळीत चूक दिसली तर? बाण दाबून वर जाता येत नाही. त्यासाठी ओळीच्या अगदी सुरुवातीला टिल्डचं (~) चिन्ह देऊन एक अक्षर लिहायचं. टिल्ड-व्ही म्हटलं की आतापर्यंतचा मजकूर संपादकात, म्हणजे मजकूर दुरुस्त करण्याच्या कार्यक्रमात, उघडतो. तिथे हवं ते दुरुस्त करा, जतन करून बाहेर या, पत्र जिथल्या तिथे असतं. टिल्ड-पी आतापर्यंत लिहिलेलं दाखवतं. टिल्ड-आर आणि फाइलीचं नाव दिलं की ती फाइल मजकुरात येऊन बसते. टिल्ड-एस विषय बदलतं. मला यातलं टिल्ड-व्ही रोज लागतं, बाकीची अधूनमधून. पत्र पाठवायचंच नाही असं ठरलं तर कंट्रोल-सी दोनदा. अर्धवट मजकूर तेव्हा बहुधा तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये 'डेड डॉट लेटर' नावाच्या फाइलीत जपला जातो. पत्ता न सापडलेली पत्रं सांभाळणाऱ्या पोस्टाच्या कचेरीला पूर्वी डेड लेटर ऑफिस म्हणत, ते नाव इथे असं टिकून आहे.

टिल्ड-व्हीने कुठला संपादक उघडायचा ते 'व्हिज्युअल' नावाच्या चलात, म्हणजे यंत्र लक्षात ठेवतं त्या एका मांडणीत, सांगता येतं. विम हा संपादक येत नसेल तर नॅनो हा सोपा ठेवा. आणि नॅनोचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण माझ्या पिढीच्या आठवणी इथे गुंतल्या आहेत.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा शेल अकाउंट नावाचा स्वस्तातला प्रकार असायचा, त्यात चित्र नाही, माउस नाही, फक्त अक्षरं. मोडेमची किरकिर थांबली की काळा पडदा यायचा आणि त्यात 'पाइन' नावाचा कार्यक्रम उघडायचा. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेला. खाली दोन ओळींत कीबोर्डवरच्या कळांची यादी कायम दिसायची, कंट्रोल-एक्स दाबलं की पत्र रवाना. माझ्यासारख्या अनेकांनी आयुष्यातला पहिला ईमेल ब्राउझरमध्ये लिहिलाच नाही. पाइनमध्ये पत्र लिहिण्यासाठी जो छोटा संपादक होता त्याचं नाव पिको, म्हणजे पाइनचा कंपोझर. त्याच्या परवान्याच्या अडचणीमुळे त्याच धर्तीवर १९९९ मध्ये एक मुक्त संपादक लिहिला गेला, तोच पुढे नॅनो झाला. आज महाप्याच्या आणि ऐरोलीच्या कार्यालयांत सर्व्हरवरची फाइल बदलायला मुलं नॅनो उघडतात आणि खाली त्या दोन ओळी दिसतात. ती मुळात पत्र लिहिण्याची पाटी आहे, हे भाचीला सांगताना मला मनापासून आनंद झाला.

पण हाताने एकेक पत्र लिहायला काळ्या खिडकीची गरज नाही. त्याला फोन पुरे. खरी गंमत पुढे आहे. 'मेल'ला मजकूर कीबोर्डवरूनच यायला हवा असं काही बंधन नाही. तो दुसऱ्या कमांडच्या तोंडातूनही येऊ शकतो. युनिक्समध्ये उभी रेघ म्हणजे पाइप, नळच समजा: डावीकडच्या कमांडचं पाणी उजवीकडच्या हंड्यात.

टेल -एन २० तापमान.टीएक्सटी | मेल -एस "पहाटेचं तापमान" पत्ता

फाइलीतल्या शेवटच्या वीस ओळी उचलल्या आणि त्यांचंच पत्र झालं. कंट्रोल-डी नको, टिंब नको. पाणी संपलं की पत्र संपलं. आता हीच ओळ एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड लिहिलेल्या फाइलीत, ठेवून क्रॉन नावाच्या पहारेकऱ्याला सांगायचं की रोज पहाटे साडेपाचला चालव. क्रॉनच्या भाषेत ते '३० ५ * * *' असं लिहितात: आधी मिनिट, मग तास, मग तारीख, महिना, वार. तीन चांदण्या म्हणजे 'कुठलाही चालेल'.

साहेबांनी रोजचं पत्र मागितलं होतं. मी भाचीला म्हटलं, रोजचं पत्र कर, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते अडचणीचं पत्र. आंबा साधारण १३ अंशांच्या खाली गेला तर गारठ्याने साल काळवंडते आणि तो नीट पिकत नाही. सफरचंदाला उलट शून्याच्या आसपास ठेवावं लागतं. प्रत्येक खोलीची हद्द वेगळी. म्हणून स्क्रिप्टने दर पाच मिनिटांनी शेवटचा आकडा बघायचा आणि हद्द ओलांडली तरच पत्र लिहायचं.

तिने ते लिहिलं आणि लगेच चाचणीत स्वतःच्या इनबॉक्समध्ये पंधरा मिनिटांत तीच तक्रार तीनदा आली. रात्रभर चाललं असतं तर शंभर पत्रं झाली असती. शंभर पत्रं येणाऱ्या माणसाचं एकशेएकाव्याकडे लक्ष जात नाही, आणि शीतगृहात तेच नेमकं महागात पडतं. उपाय साधा आहे. पत्र पाठवलं की स्क्रिप्टने एक रिकामी खूणफाइल तयार करायची. पुढच्या वेळी खूण असेल तर गप्प बसायचं. तापमान हद्दीत आलं की खूण पुसायची आणि 'आता ठीक आहे' असं दुसरं पत्र लिहायचं. एका बिघाडाची दोनच पत्रं. हे दुसरं पत्र लोक विसरतात आणि मग रात्रपाळीचा माणूस उगाच फोन करत बसतो.

आता पोस्टमनकडे येऊ. 'मेल' कमांड पत्र लिहिते आणि यंत्रातल्याच दुसऱ्या कार्यक्रमाच्या हातात देते. त्याला पूर्वापार 'सेंडमेल' म्हणतात. तो मूळ कार्यक्रम एरिक ऑलमन यांनी लिहिला. आज त्या जागी बहुधा पोस्टफिक्स असतो, जो वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहून १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. पण बाकी कार्यक्रमांची मोड होऊ नये म्हणून तोही 'सेंडमेल' या नावाला ओ देतो. तुम्ही मायना, कोरी ओळ आणि मजकूर असलेली फाइल स्वतः तयार केलीत तर ती थेट 'सेंडमेल -टी' च्या हातात देता येते. '-टी' चा अर्थ, पाकीट वेगळं देत नाही, पत्ता मायन्यातूनच वाच.

हा पोस्टमन समोरच्या सर्व्हरशी जी बोली बोलतो ती एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेला आरएफसी ८२१ हा तिचा मूळ दस्तऐवज. ती बोली इतकी साधी आहे की माणसालाही कळते. दारावर जाऊन पोस्टमन नमस्कार करतो आणि स्वतःचं नाव सांगतो. मग सांगतो, पत्र अमक्याकडून आहे. मग, तमक्यासाठी आहे. हे दोन्ही पाकिटावरचे पत्ते. मग म्हणतो, आता पत्र वाचून दाखवतो. समोरचा ३५४ म्हणतो, म्हणजे वाच, ऐकतोय. पोस्टमन मायन्यासकट सगळं पत्र वाचतो आणि शेवटी एका ओळीवर एकटं टिंब देतो. 'मेल' कमांडमधलं टिंब आठवलं? समोरचा २५० म्हणतो, मिळालं. दर उत्तराचा पहिला आकडा लक्षात ठेवला की पुरे: २ म्हणजे ठीक, ४ म्हणजे आता नाही, थोड्या वेळाने या, ५ म्हणजे हे पत्र घेणार नाही. लॉगमध्ये, म्हणजे पोस्टमनच्या नोंदवहीत, ५५० दिसलं तर परत परत पाठवून काही होत नाही. पत्ता चुकला आहे किंवा तुमच्यावर भरवसा नाही.

भरवसा हाच मोठा प्रश्न आहे. भाचीने घरी लॅपटॉपवरून पहिला मेल केला, कमांड निमूट संपली, चुकीचा एकही शब्द आला नाही, आणि मेल काही पोचला नाही. तिने दहादा इनबॉक्स उघडला. कमांड चूक न दाखवता संपली याचा अर्थ एवढाच की पत्र पोस्टाच्या पेटीत पडलं. पोचलं असा नाही. अशा वेळी 'मेलक्यू' ही कमांड द्यावी, ती पेटीत अडकलेली पत्रं आणि अडकण्याचं कारण दाखवते. तिचं कारण नेहमीचंच होतं. सर्व्हर एकमेकांशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार) बोलतात आणि स्पॅमच्या त्रासामुळे घरगुती जोडणीवरून त्या पोर्टने बाहेर जाणं अनेक कंपन्या बंद ठेवतात. ते उघडं असतं तरी घरच्या बदलत्या आयपी पत्त्यावरून आलेलं पत्र मोठे सर्व्हर सहसा उभं करत नाहीत. अमक्या डोमेनच्या वतीने कोण पत्र पाठवू शकतं याची यादी डोमेनचा मालक एसपीएफ नावाच्या नोंदीत जाहीर करतो, डीकेआयएम ही पत्रावरची सही असते, आणि दोन्ही जुळलं नाही तर काय करायचं ते डीएमएआरसी सांगतं. घरच्या लॅपटॉपकडे यातलं काहीच नसतं.

म्हणून स्वतः दारोदार न जाता पत्र ओळखीच्या मोठ्या पोस्टात नेऊन द्यायचं: कंपनीच्या मेल सर्व्हरवर किंवा जीमेलच्या सर्व्हरवर, ५८७ क्रमांकाच्या पोर्टने, नाव आणि पासवर्ड सांगून. जीमेलला इथे तुमचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

हे काम करणारा 'एमएसएमटीपी' नावाचा छोटा कार्यक्रम आहे. लॅपटॉपसाठी मी तोच सुचवतो: सर्व्हरचं नाव, पोर्ट, वापरणाऱ्याचं नाव, संपलं. पण शीतगृहाच्या मशीनसाठी मी तो नको म्हटलं. एमएसएमटीपी पत्र रांगेत ठेवत नाही. नेट असेल तर जाईल, नसेल तर चूक दाखवून मोकळा. आणि बिघाडाचं पत्र पाठवायची वेळ नेमकी तेव्हाच येते जेव्हा वीज गेलेली असते, राउटर पुन्हा सुरू होत असतो, बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असतो. पोस्टफिक्स पत्र डिस्कवर लिहून ठेवतो, नेट येईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मूळ मांडणीत तब्बल पाच दिवस. त्याला 'रिलेहोस्ट' या एका ओळीत सांगायचं की बाहेरचं सगळं टपाल कंपनीच्या सर्व्हरकडे दे. थोडी जास्त मांडामांड आहे, पण अशा जागी रांग हवीच.

पासवर्डाबद्दल एक गोष्ट तिला दोनदा बजावली. तो कमांडच्या ओळीत कधीही लिहायचा नाही. शेल लिहिलेल्या कमांड इतिहासात जपून ठेवतो आणि चालू कमांडची ओळ त्याच यंत्रावरच्या दुसऱ्यालाही दिसू शकते. तो वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि त्या फाइलीची परवानगी ६०० करायची, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचणार नाही.

जोडपत्राचं थोडक्यात सांगतो, कारण इथे 'मेल' कमांडच्या वेगवेगळ्या अवतारांत मतभेदच जास्त आहेत. हेअरलूम मेलएक्समध्ये '-ए' म्हणजे फाइल जोड. बीएसडी-मेलएक्समध्ये डेबियनवर तेच '-ए' मायन्यात एक ओळ वाढवतं. मेलयुटिल्समध्ये जोडपत्रासाठी मोठं ए लागतं. त्यामुळे इंटरनेटवरून उचललेली कमांड दुसऱ्या यंत्रावर वेगळंच काही करते. मी सरळ मट नावाचा मेलचा कार्यक्रम वापरतो, मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेला:

मट -एस "महिन्याचा तक्ता" -ए तक्ता.पीडीएफ -- पत्ता < मजकूर.टीएक्सटी

मधल्या दोन आडव्या रेघा महत्त्वाच्या. त्यांनी कळतं की जोडायच्या फाइली संपल्या, पुढे आहे तो पत्ता. नाहीतर मट पत्त्यालाच फाइल समजून शोधत बसतो. आणि जोडलेली फाइल प्रवासात साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २५ एमबीच्या मर्यादेत २० एमबीची फाइल बसेल असं धरू नका.

ही फाइल का फुगते ते मराठीशी जोडलेलं आहे, आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा.

ईमेलची वाट मुळात सात बिटांची. त्यात १२८ चिन्हं मावतात: रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. १९९२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. नथानिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची पद्धत मांडली, जिच्यामुळे मायन्यात 'हा मजकूर अमुक लिपीच्या संकेतात आहे' असं सांगता आलं आणि कुठलाही मजकूर वा चित्र साध्या रोमन चिन्हांत बांधून पाठवता आलं. त्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचलं. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार हेही प्रत्येकी वेगळं चिन्ह. 'ठाणे' हा शब्द घ्या: ठ, काना, ण, मात्रा. चार चिन्हं, बारा बाइट. विषयाच्या ओळीतून जाताना हे बारा बाइट बेस६४ नावाच्या पद्धतीने बांधले जातात, तीन बाइटांची चार रोमन अक्षरं, म्हणजे सोळा. मूळ संदेश उघडलात तर विषयाच्या जागी तुम्हाला 'यूटीएफ-८' असा उल्लेख आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ दिसेल. तीच आपली मराठी, गाठोड्यात बांधलेली. एका गाठोड्याची लांबी ७५ चिन्हांपुरती मर्यादित असते, त्यामुळे देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हं त्यात बसतात आणि लांब विषयाची दोन-तीन गाठोडी होतात.

बांधणारा नीट असेल तर वाचणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. पण बांधणाऱ्याला आधी कळावं लागतं की समोर यूटीएफ-८ आहे. ते त्याला 'लँग' नावाच्या चलातून कळतं.

पुढच्या बुधवारी भाचीचा फोन आला. "मामा, मी हाताने स्क्रिप्ट चालवली तर मराठी छान येतं. पहाटे क्रॉनने चालवली की मेल रिकामा. खाली एक डॉट बिन नावाची फाइल जोडलेली असते, ती फोनवर उघडतच नाही." तिच्या मशीनवर हेअरलूम मेलएक्स होता. तुम्ही लॉगिन करता तेव्हा लँगची मांडणी तुमच्याबरोबर येते. क्रॉन मात्र जवळपास रिकाम्या खोलीत काम करतो. लँग नाही म्हटल्यावर मेलएक्सला वाटलं यंत्र फक्त रोमन जाणतं, मग हे तीन-तीन बाइटांचं काय आहे? मजकूर नसून कसलीतरी कच्ची माहिती असावी, असं समजून त्याने अख्खं पत्र जोडपत्र करून टाकलं. क्रॉनच्या फाइलीत सगळ्यात वर लँगला सी डॉट यूटीएफ-८ अशी एक ओळ लिहिली आणि दुसऱ्या दिवसापासून मराठी आलं. विंडोजमध्ये तयार केलेली फाइल पाइपमधून पाठवली तरी असा प्रकार होऊ शकतो, कारण तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य जादा चिन्ह असतं. 'डॉस टू युनिक्स' नावाची कमांड ते काढून टाकते.

तिला कोणीतरी सुचवलं होतं, कशाला कटकट, इंग्रजीतच पाठव. तिने ऐकलं नाही आणि मला ते फार बरं वाटलं. ते पत्र वाचणार होते ते साहेबांबरोबर रात्रपाळीचे मुकादम आणि गेटवरचे काका. पहाटे साडेपाचला डोळ्यांवर झोप असताना 'खोली तीन, हद्दीबाहेर' हे ज्याला एका नजरेत कळायला हवं, त्याच्या भाषेत ते असलं पाहिजे. एका ओळीच्या दुरुस्तीचं काम होतं.

पहिल्या खऱ्या पहाटेचा मेल तिने मला पुढे पाठवला. मी तेव्हा ठाणे स्टेशनवर दहा नंबरच्या फलाटावर उभा होतो.

खोली १: १३.२
खोली २: १३.४
खोली ३: ४.९, हद्दीबाहेर, ५.१० पासून

त्याखाली सात मिनिटांनी आलेला दुसरा: खोली ३, आता ठीक आहे. आणि त्याखाली भाचीची स्वतःची ओळ: "मुकादमांचा फोन आला होता. म्हणाले, ताई, गाडी लावताना तीनचं दार उघडं राहिलं होतं, मेल बघून लावलं."